वाकून पाहायची सवय

परळच्या एका पुनर्विकासाच्या इमारतीत, एकोणिसाव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, सत्तरीच्या एक मावशी रविवारी सकाळी पोहे करत होत्या. चाळीतली खोली सोडून नव्या घरात येऊन त्यांना जेमतेम तीन आठवडे झाले होते. पाईपगॅसची जोडणी अजून यायची होती आणि सिलिंडर वर न्यायला सोसायटीची परवानगी नव्हती, म्हणून सुनेने ओट्यावर इंडक्शन आणून ठेवलं होतं. मावशींनी कढई ठेवली, तेल घातलं, बटण दाबलं. मग ओट्याच्या कडेला हात टेकून त्या खाली वाकल्या आणि मान तिरकी करून कढईच्या बुडाखाली पाहिलं. तिथे काळ्या काचेखेरीज काही नव्हतं. "आई, खाली काही दिसत नाही हो," सून म्हणाली. मावशी सरळ झाल्या, मोहरीच्या डब्याकडे वळल्या, आणि तेवढ्या वेळात तेलातून निळसर धूर निघाला. मोहरी पडल्या पडल्या तडतडली नाही, थेट काळी झाली. हिंग जळला. कांदा टाकून त्यांनी सावरायचा प्रयत्न केला, पण पोह्यांना शेवटपर्यंत कडवट चव राहिली. सगळ्यांनी निमूट खाल्ले. फोडणी करपणं काही मोठी गोष्ट नाही, कोणाचीही करपते. डोक्यात राहिलं ते त्यांचं वाकणं. त्यानंतरही त्या दर वेळी वाकत होत्या. दुधाला, आमटीला, चहाला.

ही सवय एका दिवसात लागलेली नाही. कोळशाच्या शेगडीत निखारा पाहायचा, राख झटकायची, पुठ्ठ्याने वारा घालायचा. वातीच्या स्टोव्हला खिडकीतून ज्योती दिसायच्या. एखादी पिवळी पडली की वात कापायची वेळ झाली, हे कळायचं. पंपाच्या स्टोव्हला पिन मारायची, रॉकेल नीट पेटलं की त्याचा निळा फरफराट डोळ्यांना दिसायचा आणि अख्ख्या चाळीला ऐकू जायचा. मग गॅस आला. त्याची कळ फिरवताना हात कळीवर आणि नजर ज्वाळेवर, ही जोडी इतकी पक्की बसली की कळीवर लिहिलेलं कमी-जास्त कोणी वाचलं नाही. आपल्या पाककृतींची भाषा याच डोळ्याने घडली आहे. 'मंद आच', 'मध्यम आच', 'मोठा जाळ', 'आच काढून घ्या'. कुठेही आकडा नाही, कारण त्याची गरजच नव्हती. ज्वाळ भांड्याच्या बुडाबाहेर आली की मोठी, बुडाला टेकली की मध्यम, बर्नरच्या भोकांशी मणी मणी उरली की मंद. इंडक्शनवर ही तिन्ही चित्रं पुसली जातात आणि तिथे ४००, ८००, १२००, १८०० असे आकडे येतात. माणूस नवी वस्तू शिकायला तयार असतो. इथे एक जुनं इंद्रिय निवृत्त करायला सांगितलं जातं, आणि अडचण तिथेच होते.

म्हणून सगळ्यात आधी हे समजून घ्यावं की ज्वाळ गेलेली नाही, भांड्यात शिरली आहे. काचेखाली तांब्याच्या बारीक तारांचं चपटं वेटोळं असतं. त्यातून वीज सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलत फिरते. त्यामुळे काचेच्या वर एक बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि त्या क्षेत्रात लोखंडी बूड आलं की बुडाच्या धातूतच विजेचे भोवरे उठतात. मायकेल फॅरडेने १८३१ साली जे दाखवलं, तेच हे. धातू त्या प्रवाहाला विरोध करतो आणि तापतो. म्हणजे काच तापून भांड्याला उष्णता देत नाही. भांडं स्वतःच तापतं आणि नंतर काचेला तापवतं. ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढची बरीच कोडी आपोआप सुटतात. तेल इतक्या लवकर का तापलं? कारण मधे कोणी नव्हतं. गॅसवर आधी बर्नर, मग हवा, मग बूड, मग तेल अशी साखळी असते आणि निम्म्याच्या आसपास उष्णता बाजूने निसटून स्वयंपाक करणारीच्या पोटाला लागते. इथे पातळ स्टीलच्या कढईत दोन चमचे तेल आणि १८०० वॉट म्हणजे धूर निघायला वीस-पंचवीस सेकंद पुरतात. मोहरीचा डबा उघडून चमचा शोधायला तेवढा वेळ लागतोच.

भांड्यांचा हिशेबही इथूनच निघतो. चुंबक बुडाला घट्ट चिकटला तर भांडं चालेल. नुसता लोंबकळला, बोटाने सरकवताच घसरला, तर चालेल पण रडत. चिकटलाच नाही तर इंडक्शन टीं टीं करून बंद पडेल. जर्मनची म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची पातेली, हिंडालियमच्या कढया, पितळेची कल्हई केलेली भांडी, मातीचं खापर, हे सगळं बाद. तांब्याच्या बुडाची स्टीलची पातेली एके काळी लग्नात आवर्जून दिली जायची, तीही बाद, कारण वेटोळ्याच्या समोर येतं ते तांबं. नुसत्या स्टीलचा भरवसा नाही. ताट-वाट्यांना वापरतात ते चांगल्या प्रतीचं, निकेल असलेलं स्टील चुंबकाला दाद देत नाही. लोखंडी तवा आणि बिडाचा तवा मात्र उत्तम. भुलेश्वरला किंवा तांबाकाट्याला भांडी घ्यायला जाताना फ्रीजवरचा एक चुंबक पर्समध्ये टाकून न्यावा. दुकानदार 'गॅस-इंडक्शन दोन्ही चालतं' म्हणेलच, पण चुंबक बुडाच्या मध्यभागी लावावा आणि कडेलाही. काही भांड्यांना फक्त मधे एक लहानशी लोखंडी चकती ठोकलेली असते. त्यात रस्सा मधोमध खदखदतो आणि कडेला गार राहतो. मग भांडं उलटं करून बुडावर स्टीलची पट्टी आडवी धरावी. पट्टीखाली फट दिसली तर बूड सपाट नाही. बुडाला मधे फुगवटा असेल तर तेल कडेला पळतं, मधला भाग कोरडा राहून तापतो आणि बोंबील तळायला घेतले की मधले चिकटतात, कडेचे तेलात पोहतात.

आणि फोडणीचं कढलं?

ते जवळजवळ कोणत्याही इंडक्शनवर चालत नाही. लोखंडाचं असूनही नाही. बहुतेक शेगड्यांना बूड निदान दहा-बारा सेंटिमीटर रुंद लागतं, त्याहून लहान वस्तू त्यांना भांडं वाटत नाही. हा नियम बरा आहे, नाहीतर काचेवर राहिलेला डाव किंवा सुरी तापून लाल झाली असती. पण कढल्याचं बूड गोल आणि तेवढं रुंदही नाही, त्यामुळे वरून घालायची फोडणी अडते. बाजारात लोखंडी चकती मिळते, ती मधे ठेवून वर कढलं ठेवा म्हणतात. माझं मत त्याविरुद्ध आहे. चकती भलतीच तापते, तिची धग काचेला आणि खालच्या वेटोळ्याला बसते, आणि इंडक्शनचा सगळा फायदा निघून जातो. त्यापेक्षा चौदा सेंटिमीटर बुडाचं, जरा जाड तळाचं लहान पातेलं फोडणीला ठेवून द्यावं. त्यात दोन मोठे चमचे तेल घालून ६०० किंवा ८०० वॉटवर ठेवावं, त्याहून वर जाऊ नये. मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता हे सगळं वाट्यांमध्ये काढून हाताशी असल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. तेलात मोहरीचे दोनच दाणे टाकून ठेवावेत. ते फिरू लागले, मग कडेला बारीक बुडबुडे धरून तडतडले, की बाकीची मोहरी. ती अर्धी तडतडली की जिरं, आणि जिरं पडताच बटण बंद. उरलेली मोहरी भांड्याच्या उष्णतेवर फुटते. हिंग आणि हळद बंद केल्यावरच, कढीपत्ता सगळ्यात शेवटी. पोहे-उपम्याला कांदा टाकल्यावर पुन्हा सुरू करावं, कारण कांद्यातलं पाणी तेलाला आवरून धरतं. भांडं उचलून गोल फिरवायची सवय असेल तर तेवढं लक्षात ठेवावं की उचलताक्षणी शेगडी थांबते. परत ठेवलं की बहुतेक शेगड्या पुन्हा चालू होतात, अर्धा-एक मिनिट रिकामी राहिली तर पूर्ण बंद होतात.

आता मंद आच. अडचणीचं खरं मूळ हेच आहे आणि माहितीपत्रकात ते कुठेच नीट लिहिलेलं नसतं. आकडा ३०० दिसतो म्हणून भांड्याला सतत ३०० वॉट मिळत असतील असं वाटतं. घरोघरच्या साध्या, एका वेटोळ्याच्या शेगड्यांमध्ये तसं होत नाही. साधारण हजार-आठशे वॉटच्या खाली त्यांना सलग जाता येत नाही, म्हणून त्या थांबून थांबून चालतात. ढोबळ मानाने, दहा सेकंदांतले तीन सेकंद हजार वॉट आणि सात सेकंद काहीच नाही, की सरासरी झाली ३००. कान दिला तर ऐकू येतं. टिक, बारीक गुणगुण, मग शांतता, पुन्हा टिक. गॅसवर ज्वाळ मणी मणी ठेवली की आमटी एकसारखी रटरटते. इथे ती एकदम उसळते, निपचित पडते, पुन्हा उसळते. पाण्यासारख्या पदार्थाला याने काही बिघडत नाही. पण बासुंदी, खीर, पुरण, टोमॅटोचा सॉस, घट्ट पिठलं, यांच्या तळाला त्या तीन सेकंदांत पूर्ण हजार वॉटचा चटका बसतो, आणि खाली लागतं. यावर एकच उपाय, जाड तळ. स्टील-अ‍ॅल्युमिनियम-स्टील असा तिहेरी पत्रा असलेलं पातेलं त्या तीन सेकंदांची उष्णता साठवतं आणि पुढच्या सात सेकंदांत हळूहळू सोडतं. मधलं अ‍ॅल्युमिनियम ती कडेपर्यंत पसरवतं. पुरण घोटायचं असेल तर असं भांडं घेतल्याशिवाय इंडक्शनच्या वाट्याला जाऊ नये. पातळ पातेल्यात कितीही ढवळलं तरी मधल्या कड्यावर ते धरतंच.

दुधाचं मात्र निराळं आणि मोठं सुखाचं आहे. पातेलं आधी पाण्याने विसळावं, दोन चमचे पाणी तळाशी राहू द्यावं, त्यावर दूध ओतावं. फ्रीजमधलं एक लिटर दूध ८०० वॉटवर नऊ-दहा मिनिटांत वर येतं. १८०० वर चार मिनिटांत येईल, पण इतक्या जोरात तापलेल्या बुडाला दुधातली प्रथिनं चिकटतात आणि खरपुडी धरते. साय कडेने सुरकुतली, आवाज बारीक झाला, की समोर उभं राहावं. दूध चढू लागलं की बटण बंद, आणि त्याच क्षणी ते खाली बसायला लागतं. गॅसवर कळ बंद केल्यावरही तापलेल्या जाळीमुळे ते आणखी बोटभर वर यायचं आणि तेवढ्यात उतू जायचं. इथे फुंकर मारावी लागत नाही, चिमटा शोधावा लागत नाही. शेगडीवर 'दूध' असं लिहिलेलं बटण असतं, त्यावर विसंबू नये. उष्णता मोजणारा ठिपका काचेच्या खाली, वेटोळ्याच्या मधोमध असतो. त्याला काच किती तापली ते कळतं, दूध किती तापलं ते कळत नाही. बूड जरा फुगीर असेल तर तेही उशिरा कळतं. तळणीच्या बटणाचंही तेच. तेलाचं तापमान १८० दाखवत असताना बटाटेवडा सोडला की प्रत्यक्षात तेल खाली उतरलेलं असतं आणि शेगडीला ते मागाहून समजतं, तोवर वड्याचं आवरण तेल पिऊन बसतं. वॉट आपण ठरवावेत आणि बेसनाचा थेंब टाकून तेल पाहावं.

कुकरच्या बाबतीत तर पिढ्यांचा हिशेब मोडावा लागतो. 'डाळीला तीन शिट्ट्या' हा हिशेब गॅसचा आहे. मध्यम गॅसवर पहिली शिट्टी व्हायला आठ-दहा मिनिटं लागायची आणि त्या वेळात डाळ गरम पाण्यात निम्मी शिजलेली असायची. इंडक्शनवर १८०० वॉट लावले तर तीन लिटरच्या कुकरला चार-पाच मिनिटांत पहिली शिट्टी होते, पुढच्या दोन लागोपाठ होतात, आणि झाकण उघडलं की तूरडाळ दाण्यादाण्याने वेगळी, पाणी वर वेगळं. डाळीचा दोष नसतो, पाण्याचाही नाही. शिट्ट्या पुऱ्या झाल्या, वेळ पुरा झाला नाही. म्हणून शिट्ट्या सोडून मिनिटं मोजावीत. १२०० वॉटवर पहिली शिट्टी येऊ द्यावी, मग ४०० वर आणून तूरडाळीला दहा-बारा मिनिटं, भिजवलेल्या छोल्यांना वीस-पंचवीस, नुसत्या भाताला चार-पाच. मग बंद करून वाफ आपसूक जिरू द्यावी. कमी वॉटवर शेगडी थांबून थांबून चालत असल्याने अधूनमधून अर्धवट शिट्टी फुसफुसते, ती मोजायची नाही. कुकरमध्ये डब्यांखाली पाणी नेहमीपेक्षा अर्धी वाटी जास्तच असावं, कारण कोरडा पडलेला तळ इथे फार झपाट्याने तापतो.

चहाला हाच घाईचा गुण नडतो. दोन कप पाणी दीड मिनिटात उकळतं, आणि आल्याला, गवती चहाला, पत्तीला त्यात उतरायला वेळच मिळत नाही. रंग येतो, चव येत नाही. उकळी फुटली की ४०० वर आणून तीन मिनिटं तशीच ठेवावी, मग दूध.

तव्याकडे आलं की जरा थांबावं लागतं, कारण इथे डोळ्याला पुन्हा काम मिळतं. थालीपीठ घ्या. बिडाचा तवा, त्यावर थापलेलं थालीपीठ, मधे एक आणि भोवती चार भोकं, भोकांत तेल. गॅसवर ते मधे जास्त आणि कडेला कमी भाजतं, म्हणून आपण तवा सरकवत राहतो. इंडक्शनवर उलटून पाहा. थालीपिठाच्या पाठीवर बांगडीसारखं तपकिरी कडं उठलेलं दिसेल. मधे रुपयाएवढा फिका ठिपका, मग खमंग कडं, आणि कडेला परत पांढुरकं पीठ. वेटोळं मधे पोकळ असतं, त्याची ताकद कड्यावर असते, आणि थालीपीठ त्याचा हुबेहूब ठसा घेतं. पाहिलं की शेगडीच्या पोटातलं यंत्र समोर काढून ठेवल्यासारखं दिसतं. आता तवा जागच्या जागी गोल फिरवून काही होत नाही, कारण कडंही गोलच आहे. तवा मध्यापासून दोन बोटं उजवीकडे सरकवावा, मिनिटभराने डावीकडे, मग पुढे, मग मागे. त्याआधी एक काम, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच. तवा मोठ्या वॉटवर तापवायचा नाही. लोखंड उष्णता पसरवण्यात आळशी आहे, अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने चौथा-पाचवा हिस्सा. मधलं कडं लाल व्हायला येतं तरी कड गार असते, आणि त्या ताणाने पातळ तवा वाकतो, बिडाचा तडकूही शकतो. ४०० ते ६०० वॉटवर पाच मिनिटं रिकामा तवा ठेवावा, कडेवर पाण्याचा थेंब नाचला की मग पीठ. रिकामं ठेवायचं ते फक्त लोखंडी. नॉनस्टिक तवा रिकामा तापवला तर मिनिटभरात त्याच्या लेपाला सोसणार नाही इतका तापतो. आणि बिडाचा तवा काचेवरून ओढायचा नाही, उचलून ठेवायचा. बुडाखाली मिठाचा एक खडा असला तरी काचेवर रेघ उमटते.

फुलका आणि भाकरी होतात, थोडी रीत बदलून. भाकरीची पाणी लावलेली बाजू वाळली की उलटावी, दुसरी बाजू नेहमीपेक्षा अर्धं मिनिट जास्त भाजावी, मग पुन्हा पहिली बाजू खाली घेऊन कापडाच्या घडीने कडेकडेने हलका दाब द्यावा. दाबलेली कड वाफेला बाहेर जाऊ देत नाही, आणि भाकरी टम्म होते. १००० वॉट पुरतात. फुगते, पापुद्रा सुटतो, चवही चांगली लागते. पण ज्वाळेवर टाकल्यावर तिच्या पाठीवर जे काळे ठिपके उठतात आणि त्यांचा जो वास सुटतो, तो येत नाही. ते ठिपके म्हणजे नुसती शोभा नव्हती.

आणि काही गोष्टी होतच नाहीत, हे सरळ सांगून टाकावं. वांगं भाजता येत नाही. ओव्हनमध्ये मऊ होतं, तव्यावर झाकून ठेवलं तर शिजतं, पण साल जळून आत शिरणारा धूर, ज्यासाठी भरीत करायचं, तो ज्वाळेशिवाय नाही. मालवणी वाटणाचा कांदा आणि खोबऱ्याची वाटी आख्खी ज्वाळेवर धरून काळी करायची, ते नाही. तव्यावर परतलेल्या खोबऱ्याचं वाटण चांगलं होतं, निराळं होतं. पोह्याचा पापड तव्यावर फडक्याने दाबून भाजता येतो, पण चिमट्यात धरून ज्वाळेवरून फिरवताना त्याची जी कड वळते ती वळत नाही. उकडीचे मोदक मात्र होतात, आणि छान होतात. तांब्याचं किंवा जर्मनचं मोदकपात्र चालणार नाही, चुंबक चिकटणारं इडलीपात्र घ्यावं. उकड काढताना पाण्याला उकळी आली, पिठी पडली, की बटण बंद करताच खरोखर बंद होतं, त्यामुळे तळ लागत नाही. ज्यांच्याकडे गॅस आहे त्यांनी तो काढून टाकू नये असं मला मनापासून वाटतं. एक बर्नर वांग्यासाठी, पापडासाठी, भाकरीच्या ठिपक्यांसाठी राहू द्यावा. आणि ज्यांच्याकडे नाही, त्यांनी शिजवलेल्या वांग्याला भरीत म्हणू नये. दह्यातली वांग्याची कोशिंबीर म्हणून करावी, ती आपल्या जागी उत्तम आहे.

विजेचं थोडक्यात, पण हे टाळून चालणार नाही. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर साडेआठ-नऊ अँपिअर ओढते. मिक्सरच्या लहान सॉकेटला, सहा अँपिअरच्या, ती लावायची नाही. जाड पिनांचं सोळा अँपिअरचं सॉकेट हवं, आणि मधे एक्स्टेन्शन बोर्ड नको. जुन्या चाळीतल्या आणि जुन्या सोसायट्यांतल्या तारा बारीक असतात. स्वयंपाक झाल्यावर प्लगला हात लावून पाहावा, चटका बसण्याइतका गरम असेल तर आधी वायरमन, मग इंडक्शन. भांड्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर अर्थिंग तपासावं. गीझर, एसी आणि शेगडी एकाच वेळी लावली की एमसीबी, म्हणजे जादा भार आला की वीज तोडणारी कळ, पडते, तिच्यावर चिडू नये, ती आपलं काम करते. लिटरभर पाणी उकळायला सुमारे ०.१ युनिट लागतं, म्हणजे वीज तशी फार जळत नाही. पण बिलाचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, आणि महिन्याला २८० युनिटांवर असलेलं घर शेगडीमुळे वरच्या टप्प्यात जाऊ शकतं. तेवढं बिल काढून आधी पाहावं. घरात कोणाला पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू शेगडीच्या जवळ त्यांनी उभं राहू नये, दोन फूट तरी लांब असावं.

मुंबईत शेगड्या बिघडतात त्या बऱ्याचदा झुरळांमुळे. पोटात पंखा असतो, त्याच्यासाठी खाली जाळी असते, आत ऊब असते आणि बाहेर अन्नाचे कण. झुरळ सर्किटच्या पट्टीवर चालतं, दोन टोकं जोडली जातात, आणि शेगडी मरते. त्यामुळे रात्री ओटा पुसून शेगडी उभी करून, कोरडी, उघड्या जागी ठेवावी. आत फवारा मारू नये. खाली वर्तमानपत्र किंवा प्लॅस्टिकचं कापड अंथरू नये, पंखा ते ओढून घेतो आणि हवा कोंडते. भिंतीपासून वीतभर लांब असावी. वापर संपला की लगेच मेन स्विच बंद करायचा नाही, पंखा थांबेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं जाऊ द्यावीत. पावसाळ्यात काचेवर दव धरतं आणि ओल्या बोटाने बटणं ऐकत नाहीत, किंवा भाताची पेज उतू जाऊन बटणांवर आली की ती आपलीच दाबली जातात. हात आणि पट्टी, दोन्ही कोरडी हवीत. गूळ किंवा साखरेचा पाक काचेवर सांडला तर मात्र गार व्हायची वाट पाहू नये. शेगडी बंद करून, काच कोमट असतानाच ओल्या जाड फडक्याने काढावा, गार झाल्यावर तो खरवडावा लागतो आणि काच जाते. काचेला केसाएवढी चीर दिसली तरी त्या दिवसापासून वापर बंद, कारण उतू गेलेलं पाणी थेट तारांवर पोचतं.

एवढ्या सगळ्या नियमांच्या बदल्यात एक गोष्ट मिळते, तिची किंमत मे महिन्यात कळते. ज्वाळ नसल्याने स्वयंपाकघरात पंखा लावता येतो. गॅस आल्यापासून इतकी वर्षं बाहेरच्या खोलीत पंखा फिरायचा आणि आत, त्याच घामट हवेत, पोळ्या करणारी पंख्याशिवाय उभी असायची, कारण वाऱ्याने ज्वाळ हलायची, विझायची भीती असायची. परळच्या त्या स्वयंपाकघरात आता भिंतीवर एक छोटा पंखा आहे, थेट ओट्यावर वारा येईल असा. पदर कमरेला खोचून मावशी त्याखाली भाकरी थापतात, आणि त्यांच्या मानेवर घाम नसतो.

पाईपगॅस नंतर आला. दोन बर्नरची शेगडीही आली, तिच्यावर वांगी भाजली जातात. रोजचं दूध, कुकर आणि आमटी मात्र इंडक्शनवरच राहिली. फोडणीचं चौदा सेंटिमीटरचं पातेलं खुंटीला आहे, शेजारी वाट्यांचा मसाल्याचा डबा उघडूनच ठेवलेला असतो. परवा त्यांनी आमटी ठेवली, आकडा ८०० वर आणला, आणि ओट्याला हात टेकून वाकल्या. तशीच मान तिरकी, तसाच खांदा खाली. सून काही बोलली नाही. या वेळी नजर बुडाखाली गेली नव्हती. डोळे मिटलेले होते आणि कान पातेल्याच्या कडेजवळ आला होता. आधी टिक, मग गुणगुण, मग शांतता, आणि त्या शांततेतही थांबत नाही असा आतला बारीक रटरट आवाज. "धरली उकळी," त्या म्हणाल्या, आणि उठून चिंचेचा कोळ घ्यायला वळल्या.